पुडी बोलली की काढायची

ठेव तो चिमटा खाली. भूक लागली म्हणून निखाऱ्यात हात घालू नये, आणि पुडी बोलल्याशिवाय तर मुळीच नाही. हसा, हसा. मी ज्याचे तंबू शिवून द्यायचो तो तंबूवालाही असाच हसायचा. त्याच्या तोंडून ऐकलं ते सांगतो, पदरची भर घालत नाही.

डिसेंबरातला दुसरा शनिवार होता. तंबूवाला दुपारी बाजारात गेला, फॉइलचे रोल, लोणी आणि पिशवीभर गाजरं घेऊन दिवेलागणीला तळ्यावर परतला. धंदा त्याचा साधा. काठाला तंबू ठोकायचे, शहरातली माणसं एक रात्र ठेवायची, शेकोटीवर जेवू घालायची. जेवणाची खासियत एकच. बटाटा, गाजर, कांदा, माशाचा तुकडा, वर लोणी आणि मिरपूड, सगळं फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून निखाऱ्यात पुरायचं. भांडी घासायची कटकट नाही आणि लोक बोटं चाटत जेवायचे.

ही युक्ती त्याच्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. दाजी घड्याळ बघून कधी शिजवत नसत. निखाऱ्यांपाशी उकिडवे बसायचे आणि कान द्यायचे. आतलं पाणी खदखदलं, कडेतून वाफ फुसफुसली की ओरडायचे, "बोलली गं बोलली!" मग पुडी बाहेर. गप्प असेल तोवर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

ते दाजी आदल्या वर्षी गेले. त्याच तळ्यावर सरपणाच्या ढिगात हात घातला आणि साप चावला. ताई भेटेल त्याला सांगायची, "माझ्या भावाने जिवाचं रान केलं हो. चावल्याबरोबर गाडीत घातलं. आमचंच नशीब फुटकं." ती असं म्हणाली की तंबूवाला मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, बिचारा हळवा आहे.

कसला हळवा! साप चावला त्या रात्री एका कंपनीचे साहेब लोक जेवायला बसले होते. पहिल्या पुड्या नुकत्या उघडत होत्या. दाजी मनगट आवळून धरत त्याच्याकडे आले, आणि हा पठ्ठ्या त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "दाजी, जरा दम धरा. पाहुण्यांचं होऊ दे." दाजी तंबूमागे अंधारात बसून राहिले. साहेबांनी निवांत हात धुतले, मग याने गाडी काढली. तेव्हा दाजींची जीभसुद्धा वळत नव्हती. ताई त्या रात्री तळ्यावर नव्हती. हे ठाऊक होतं दोघांनाच, आणि त्यातला एक गेला. बहिणीशिवाय तंबूवाल्याला रक्ताचं दुसरं कुणी नव्हतं. तिला कळलं तर ती आपलं तोंडही बघणार नाही, या धास्तीत त्याने वर्ष काढलं.

त्या शनिवारी सगळ्या पुड्या ताईनेच बांधल्या, माणशी एक. पाहुणे शेकोटीभोवती बसले. त्यांना सोडून गेलेली बस सकाळीच परत येणार होती. जागा खोलगट, फोनला रेंज नाही.

बराच वेळ गेला. एकही पुडी बोलेना.

"विस्तव गार पडलाय का रे?" ताईने विचारलं.

"गार कसला! भुवया जळतायत माझ्या."

"मग बघ तरी. लोक कधीचे ताटल्या धरून बसलेत."

तो उकिडवा बसला. वाकला. कान दिला.

काही नाही...

रातकिडेही थांबले होते.

मग मधली पुडी फुसफुसली. त्याला हायसं वाटलं. त्याने चिमटा पुढे केला.

"द...म..."

हात तिथेच राहिला.

"दम... धरा..."

वाफ आहे, तो स्वतःशी म्हणाला. वाफेत काय, वाटेल ते ऐकू येतं.

"पाहुण्यांचं... होऊ दे..."

आवाज दाजींचा नव्हता. आवाज त्याचा स्वतःचा होता.

"काय म्हणालास?" ताईने विचारलं.

तो काहीच म्हणाला नव्हता...

पुडी पुन्हा बोलली. आता मोठ्याने. ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"तुझं तोंड तर मिटलेलं आहे," ती हळूच म्हणाली. "मग बोलतंय कोण?"

त्याचं भान सुटलं. चिमटा टाकला आणि नुसत्या हातांनी पुडी उचलली, तळ्यात भिरकावून द्यायला. ती हातातच फुटली. उकळतं लोणी, वाफ, सगळं हातांवर आणि तोंडावर.

"गाडी काढ! ताई, गाडी काढ!"

"किल्ली कुठाय?"

"खिशात!"

खिसा रिकामा. दुसराही रिकामा. पाहुण्यांनी टॉर्च मारून सगळी जमीन धुंडाळली. नाही.

आणि तेवढ्यात बाकीच्या पुड्या बोलायला लागल्या. एकदम. सगळ्या. पाहुण्यांना ऐकू आली नुसती फुसफुस. त्याला काय ऐकू आलं ते त्याने मलाही सांगितलं नाही. तो गुडघ्यांवर पडला.

"दाजी, चुकलो! मीच थांबवलं तुम्हाला! पाहुण्यांसाठी थांबवलं!"

पुड्या गप्प झाल्या.

ताई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"किती वेळ?"

"ताई, माझा डोळा..."

"किती वेळ बसवलंस त्यांना?"

"...जेवणं होईपर्यंत."

ती रडली नाही. चिमटा उचलला, पुड्या काढल्या आणि एकेकाच्या ताटलीत वाढू लागली. एक बाई चाचरत म्हणाली, "अहो, आधी त्यांचं काहीतरी बघा ना..."

"तुम्ही जेवा," ताई म्हणाली.

असं म्हणाली की माणसं मुकाट्याने जेवली. तंबूवाला मातीत लोळत होता. तो सरपटत आला आणि त्याने तिचे पाय धरले. ती वाकली. त्याच्या कानाशी लागली.

"दम धर. पाहुण्यांचं होऊ दे."

दवाखान्यात त्याला तिनेच नेलं. वाटेत अवाक्षर बोलली नाही, पुढेही कधी नाही. उजवा डोळा गेला त्याचा. डोळ्याचं त्याने मला सहज सांगितलं. बहिणीचं सांगताना मात्र ढसाढसा रडला. खरं सांगू? मला त्याची दया आली नाही.

काय म्हणालास, किल्ली? हां, ते राहिलंच.

सगळ्यांना वाढून झालं होतं. माणशी एक, आणि तंबूवाल्याच्या वाटची हातात फुटली. हिशेब संपला. तरी निखाऱ्यात तळाशी एक पुडी होती. ताईने ती बांधली नव्हती. तिने चिमट्याने ओढून काढली, घड्या उलगडल्या. आत गाजर नाही, मासा नाही... गाडीची किल्ली.

चटका बसेल म्हणून तिने ती बाहीत धरून उचलली.

मग बाही सोडून नुसत्या बोटांनी धरली...

किल्ली गार होती. नुकतीच विहिरीतून काढल्यासारखी, ओली आणि गार.