मधे बोलायचं नाही

त्याचा पहिला फोन आला तेव्हा मी तराजूवर खिळे तोलत होते. आमचं हार्डवेअरचं दुकान. बाबा मागच्या खोलीत माल लावतात आणि पुढे काउंटरवर मी बोलते. बोलते म्हणजे… बाबांच्या मते, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिऱ्हाईक आपण काय घ्यायला आलो तेच विसरून जातं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच मी ते पुरं करते आणि वस्तू काढून पुढ्यात ठेवते. मला हा माझा मोठा गुण वाटायचा.

"हॅलो" म्हटलं तर पलीकडे नुसता श्वास. मग "प… प…" आणि पुन्हा शांतता. असले टवाळ फोन मला नवे नव्हते. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. कामधंदा नाही का, आईबापांनी हेच शिकवलं का, सगळं सगळं ऐकवलं. माझा दम संपल्यावर पलीकडून अगदी नम्रपणे आवाज आला, "हातोडी मिळेल?"

तासाभराने तो ती न्यायला आला. उंच, गळ्यात आर्किटेक्टच्या ऑफिसचं ओळखपत्र, खिशात तीन पेन्सिली आणि कानाच्या पाळ्या लालबुंद. फोनवर बोललेलं सगळं परत गिळता आलं असतं तर किती बरं, असं मला झालं. त्याने हातोडी उचलली, माझ्याकडे बघून हसला — काय हसला म्हणून सांगू — आणि गेला. दिवसभर मी गिऱ्हाइकांना चुकीचे स्क्रू दिले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा हातोडी. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी. मग मला राहवेना. आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या माणसाला इतक्या हातोड्या लागतात कशाला, असं मी सरळ विचारलं.

"मला खरं तर हवी होती… प… प…"

"पक्कड?" म्हणत मी ती काढून समोर ठेवलीसुद्धा.

त्याचा चेहरा उतरला. "तो शब्द मला स्वतःला म्हणायचा होता," तो म्हणाला.

मग हळूहळू त्याने सगळं सांगितलं. लहानपणापासून तो बोलताना अडखळतो. 'प' आणि 'क' त्याच्या विशेष मुळावर आलेले. त्यामुळे अवघड शब्द आला की तो सोपा शोधतो. वर्षानुवर्षं हॉटेलात न आवडणारा चहा पितोय, कारण कॉफी मागायची तर सुरुवातच अडते. आता तो एका स्पीच थेरपिस्टकडे जातो. तिने गृहपाठ दिलाय — रोज एका अनोळखी दुकानात फोन लावायचा, एक प्रश्न विचारायचा, शब्द बदलायचा नाही. पण ऐन वेळी धीर सुटतो आणि पकडीची हातोडी होते.

"पण मग दर वेळी आमच्याच दुकानात का?" मी विचारलं.

"बाकीचे फोन ठेवतात," तो म्हणाला. "तू ठेवला नाहीस. चार मिनिटं भांडलीस."

आता अशा माणसाच्या प्रेमात पडायचं नाही तर काय करायचं?

आम्ही भेटायला लागलो. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की तो कोपऱ्यावर उभा असायचा. मी बोलायचे, तो हसायचा, आणि तो बोलला की असं काहीतरी बोलायचा की मी घरी जाऊन आठवत बसायचे. एकदा रस्ता ओलांडताना त्याने माझा हात धरला आणि रस्ता संपला तरी सोडला नाही. माझे पाय जमिनीवर नव्हते.

आणि मग मी माती खाल्ली. एका हॉटेलात वेटर समोर उभा राहिला, तसा ऑर्डर द्यायला तो सरसावला. त्याने मान वर केली, श्वास घेतला, "क…" म्हणाला, आणि मी म्हटलं, "दोन कॉफी."

वेटर गेल्यावर त्याने मेन्यूकार्ड मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "आई माझ्यासाठी बोलते. भाऊ बोलतो. साहेबही बोलतात. मायेनेच बोलतात सगळे. त्यात मी मात्र नसतोच. तुझ्याजवळही मी नसलो… तर मला नाही जमणार."

त्यानंतर नऊ दिवस फोन नाही. दुकानात फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. दहाव्या दिवशी, त्याने एकदा येता-जाता दाखवलेलं त्या थेरपिस्टचं दार मी ठोठावलं. लहानशी खोली, एक आरसा, एक फोन, दोन खुर्च्या. पांढऱ्या केसांच्या बाई. मी धडाधड सगळं सांगून टाकलं.

"त्याच्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्याबद्दल बोलू. बस."

त्या मुद्दाम अडखळत बोलायला लागल्या आणि मी नुसतं ऐकायचं होतं. मान डोलवायची नाही, कीव दाखवायची नाही, शब्द पुरवायचा नाही. डोळे त्यांच्या डोळ्यांत. पहिल्यांदा मी चार सेकंद टिकले. चार! पाचव्या दिवशी कुठे बाईंनी अख्खं वाक्य संपवलं आणि मी गप्प होते. दुकानात तोच सराव गिऱ्हाइकांवर चालू. बाबांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आणि त्या शनिवारी सकाळी, दुकान भरलेलं असताना, तो आला. फोन न करता. बाबा माझ्या शेजारी उभे, समोर एक प्लंबर, एक रंगारी. तो थेट काउंटरपाशी आला आणि माझ्याकडे बघितलं.

"माझं… तुझ्यावर… प… प…"

'तू मला आवडतेस' म्हणाला असता तर एका दमात सुटला असता. त्याला ते ठाऊक होतं. तरी त्याने हाच शब्द धरला होता. त्याची हनुवटी थरथरली, मानेची शीर ताणली. प्लंबर खाली बघायला लागला. बाबांनी मदतीसाठी तोंड उघडलं आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला. माझ्या जिभेवर तो शब्द नाचत होता. मी तो दातांखाली दाबून धरला आणि त्याच्या डोळ्यांतून नजर काढली नाही.

"…प्रेम आहे."

"माझंही," मी म्हटलं. अगदी त्याच क्षणी.

त्याने तळहात वर केला. अजून संपलं नव्हतं. मी ओठ मिटले. सगळं दुकान थांबलं.

"उत्तर… क… क… कधीही दे. घाई नाही."

रंगारी फिस्सकन हसला. बाबाही हसले, आणि मग डोळे पुसायला लागले. मी मात्र त्याचं वाक्य पुरतं संपल्याची खात्री करून घेतली, काउंटरला वळसा घालून बाहेर आले आणि त्याचा हात धरून विचारलं, "आता बोलू?"