हिरव्या कुंचीतलं बाळ

ही गोष्ट २०२३ सालच्या उन्हाळ्यातली. त्या वर्षी झोहराबींच्या परसातला रायवळ आंबा मोहरलाच नव्हता, म्हणून झोहराबी चिडलेल्या होत्या आणि वाल्मिक घारे जपून बोलत होता.

कर्जतच्या बाजारात, पिठाच्या गिरणीवरच्या माडीत झोहरा खोत यांची पाटी होती : ‘खाजगी चौकशी’. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. साठी उलटल्यावर आता लग्नाच्या स्थळांची चौकशी. मुलगा सांगतो त्या कंपनीत खरंच आहे का, आणि असला तर आत खुर्चीत बसतो की बाहेर फाटकावर उभा असतो, असली कामं. वाल्मिक रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. स्कूटर चालवणं आणि बाईंच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देणं ही त्याची दोन कामं. “तुम्ही चुकलात की मला रस्ता दिसतो,” असं त्या म्हणत. वाल्मिकला ती स्तुतीच वाटे.

त्या गुरुवारी माडीचा जिना चढून खोपोलीची निशिगंधा आली. पस्तिशीची, टापटीप, डोळे सुजलेले.

“माझं बाळ शोधून द्या,” ती म्हणाली.

“हरवलं?” वाल्मिक उठूनच उभा राहिला. “कुठं? स्टेशनवर?”

“अजून मिळालंच नाहीये हो.”

वाल्मिक परत बसला. झोहराबींनी पाण्याचा पेला पुढे केला, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं.

निशिगंधा आणि तिचा नवरा राजेश यांनी मूल दत्तक घ्यायला सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं होतं. रांग मोठी. दोन वर्षं झाली होती. महिन्यापूर्वी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ‘मॅडम’ म्हणवणाऱ्या कुणीतरी लिहिलं, संस्थेत एक तान्हं बाळ आलंय. देणगी दिलीत तर रांग सोडून तुम्हाला मिळेल. राजेशला न सांगता निशिगंधाने दीड लाख रुपये पेढ्यांच्या खोक्यात भरले आणि खालापूर फाट्यावर स्कूटरवरून आलेल्या, तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या बाईच्या हाती दिले.

“बाई काही बोलली?”

“एक शब्द नाही. मॅडमही फोन उचलत नाहीत. नुसते मेसेज.”

“आणि आता?”

“आता म्हणतात, आधी सरकारी रांगेतलं नाव काढून टाका. सोमवारपर्यंत काढलं नाही तर बाळ दुसरीकडे जाईल. काढलं आणि बाळ मिळालं नाही तर? दोन वर्षं पाण्यात! आणि नाही काढलं तर माझ्या बाळाचं काय?”

तिने मोबाइल पुढे केला. फोटोत लाकडी पाळणा, त्यात हिरव्या खणाची, चमचमत्या लेसची कुंची घातलेलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ. चेहऱ्यावर कुंची ओढलेली. कपाळाच्या जागी कुंकवाचा जरासा लाल डाग.

“चेहरा कायद्यानं दाखवता येत नाही म्हणाल्या. पण किती गुणी आहे बघा. वेगवेगळ्या दिवशीचे तीन फोटो, तिन्हींत असंच निजलेलं. रडणं नाही, कुशीवर वळणं नाही. वजनही छान आहे म्हणे.”

“नशीब काढलंत,” वाल्मिक म्हणाला. “आमच्या पोरानं वर्षभर झोपू दिलं नव्हतं.”

एक छोटा व्हिडिओही होता. कुणीतरी पाळण्याला झोका देतंय, एवढाच. झोहराबींनी तो पाहिला, मग मोबाइल कानाला लावून पुन्हा ऐकला. झोका परत आला की ‘टक्’ असा आवाज येत होता.

“खुळखुळा असंल,” वाल्मिक म्हणाला.

“असेल,” झोहराबी म्हणाल्या, आणि वाल्मिकला कळलं की नसणार. “निशिगंधा, माहेर कुठलं तुझं?”

“रसायनी. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये वाढले. आई लहानपणीच गेली, घरात मी आणि बाबा.”

“आणि इकडे बारशांना वगैरे जातेस की नाही?”

निशिगंधा खाली बघू लागली. “पहिली दोन वर्षं बोलवायचे. मग कोण बोलावतंय? नणंदेच्या ऋतिकच्या बारशाला गेले होते दिवाळीआधी. पुऱ्या तळायला. पाळण्याची खोली पलीकडे होती.”

झोहराबींनी चष्मा पुसला. राग आला की त्या चष्मा पुसत.

दत्तकाची गोष्ट माहीत असलेली माणसं तीनच होती : घरपाहणीला आलेली समाजसेविका नम्रता, खालच्या मजल्यावरची शिंपीण अल्मास आणि नणंद सोनाली. तिघींकडे स्कूटर. तिघींचा आवाज निशिगंधाच्या ओळखीचा.

---

नम्रता कर्जतला भाड्याच्या खोलीत राहायची. झोहराबींनी निशिगंधाचं नाव न घेता, ओळखीतल्या एका बाईला देणगी मागितल्याचं सांगितलं. नम्रता ताडकन उठली.

“देणगी हा शब्दच नाही तिथे! शुल्क सरकारनं ठरवलेलं आहे. बँकेतून भरायचं, पावती घ्यायची, संपलं. त्यावर एक रुपया कुणी मागितला तर तो मुलाचा सौदा. घेणारा आत जातो, देणाराही जाऊ शकतो.”

“मग ते शुल्क तरी कशाला? ते सौद्याचंच सभ्य नाव नव्हे का?”

“मावशी, तुमच्या वेळी सुईणीला लुगडं द्यायचे ना? म्हणजे बाळ तिच्याकडून विकत घेतलं होतं का? संस्थेत पोरांना दूध लागतं, डॉक्टर लागतो, रात्री उठणारी आया लागते. शुल्क त्याचं. मुलाला किंमत नसते.”

“छान बोललीस. मला एक चमचा लसणाची चटणी देशील? पाट्यावरची.”

नम्रता गोंधळली. “पाटा? माझ्याकडे मिक्सरसुद्धा घरमालकिणीचा आहे.”

जिना उतरताना वाल्मिक म्हणाला, “भूक लागली तर वडापाव खाऊ ना बाई. चौकशीला आलेल्या घरी काय चटणी मागायची?”

खोपोलीला अल्मासचं शिवणयंत्र धडधडत होतं. हिरव्या कुंचीचा फोटो पाहून ती म्हणाली, “लेस माझीच हाय! ह्या भागातल्या बारशाच्या कुंच्या मीच शिवते. हिरव्या किती गेल्या, आता कुठं आठवू? खालापूरला, कर्जतला, खुद्द निशिगंधाभाभीनं एक नेली. कपाटात लपवून ठेवलीय. कुणाला सांगू नका हां.”

“नाही सांगत. चटणी आहे का गं, पाट्यावरची?”

अल्मासने दारातल्या पाट्यावर ओली मिरची वाटून दिली. झोहराबींनी वरवंटा हातात घेऊन त्याचं कौतुक केलं. चांगला गुळगुळीत, मसाल्याने लाल झालेला. वाल्मिकच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“ही असंल चोर,” बाहेर येऊन तो नाक पुसत म्हणाला. “लेसच तिची हाय.”

“म्हणजे ती नाही,” झोहराबी म्हणाल्या आणि स्कूटरवर बसल्या.

सोनालीचं सासर खालापूरजवळच्या गावात. तिने खुर्च्या मांडल्या, सरबत दिलं, वहिनीचं नाव निघताच पदर डोळ्याला लावला. सात महिन्यांचा ऋतिक तिच्या कडेवरून वाल्मिकचा चष्मा ओढत होता. भोपळ्यासारखा गरगरीत पोर.

“वहिनीला बाळ मिळूदे, दुसरं काय मागणं हाय आमचं? पण तुमीच सांगा मावशी, कुणाचं कोण आणायचं नि बाबांच्या घरात वाढवायचं. दादा भोळा हाय. हायवेच्या अंगाला जागा हाय ती, काय भाव झालाय आता!”

“खरंय गं. चटणी आहे का?”

ओट्यावर मिक्सर होता, पण सोनालीची सासू बायजाआजी आतून ओरडली, “मिक्सरची नको देऊस गं पावण्यांना! आमच्या घरात रोज पाट्यावरच वाटतात. परवा चार दिवस वरवंटाच गायब झालेला, तवा मिक्सरचं खाल्लं नि माझं पोट बिघडलं.”

“शेजारी नेला होता, आई,” सोनाली घाईने म्हणाली.

वाल्मिकने चटणी मिटक्या मारत खाल्ली. मग दातात काहीतरी अडकलं. त्याने ओढून काढलं : हिरवा, चमचमणारा दोरा.

“कोथिंबिरीची काडी,” तो म्हणाला, आणि टाकणार तोच झोहराबींनी ती त्याच्या बोटातून घेऊन रुमालात बांधली.

---

रविवारी सकाळी झोहराबींनी सगळ्यांना खोपोलीला बोलावलं. वाल्मिकला वेगळंच काम. सोनाली घरातून निघाली की बायजाआजीकडे जायचं, चटणीची स्तुती करायची आणि वरवंटा दोन दिवसांसाठी मागून आणायचा. म्हातारीने स्तुतीला भुलून तो गोणपाटात बांधून दिला. वाल्मिकने तो पायाशी ठेवून स्कूटर चालवली. हा दगड कशाला, हे त्याने विचारलं नाही. बाईंना आता चटणी स्वतःच वाटायची असेल. खोपोलीला पोचताच बाईंनी दगड काढून घेतला आणि रिकामं गोणपाट त्याच्याच हातात राहिलं.

राजेशला निशिगंधाने आदल्या रात्रीच सगळं सांगितलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता. नम्रता हाताची घडी घालून. अल्मास दोरा तोंडात धरून, कारण तिला काम टाकून बोलावलं होतं. सोनाली वाटेत बाजार उरकून सगळ्यात शेवटी आली आणि उंबऱ्यातच थांबली.

झोहराबी आतल्या खोलीचं दार उघडून म्हणाल्या, “बाळ सापडलं. पाळण्यात ठेवलंय.”

एकच गलका झाला. निशिगंधा धावली, राजेश धावला, नम्रता “कुणी आणलं? कुणाच्या परवानगीनं?” करत धावली, अल्मासने दोरा थुंकला. झोहराबींनी मागून आणलेल्या पाळण्यात हिरव्या कुंचीतलं बाळ होतं, अगदी फोटोतलं.

निशिगंधाने दोन्ही हात अलगद खाली घातले, उचललं, आणि तिचे हात खाली खेचले गेले.

“फार जड आहे हो...” ती म्हणाली, आणि कुंची सरकली.

आत बायजाआजीचा वरवंटा होता.

मग वाल्मिक म्हणाला, “अगं बाई! ह्याचीच चटणी मी खाल्ली!”

निशिगंधा त्याला छातीशी धरून तशीच उभी. “म्हणजे इतके दिवस... मी ह्याला अंगाई म्हणत होते?”

“बस,” झोहराबींनी तिला खुर्चीवर बसवलं. वरवंटा मात्र तिने सोडला नाही. “आता ऐका. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. कुंची घालून, कुंकू लावून, बाळासारखा सजवून. बायका त्याला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हाती देतात, मग बाळाची पाळी. ज्या घरात बारसं झालं तिथल्या कुठल्याही बाईनं हा फोटो पाहून हसून गडाबडा लोळण घेतली असती.”

“आमी पुरुष अंगणात असतो,” वाल्मिक म्हणाला. “जिलबी कधी येती एवढंच बघतो.”

“म्हणून तुम्हाला कळलं नाही. आणि राजेशला दाखवला असता तर त्यालाही कळला नसता. मला शेजारणी लहानपणापासून बोलावतात, म्हणून मला कळला. जे बाळ तीन दिवसांत कुशीवर वळत नाही आणि झोक्याबरोबर लाकडावर टक् वाजतं, ते बाळ दगडाचंच असणार. पण निशिगंधाला आई नव्हती, आणि लग्नानंतर तुम्ही सगळ्यांनी तिला पाळण्याच्या खोलीत येऊच दिलं नाहीत. हे चोराला पक्कं ठाऊक होतं.”

राजेशने मान खाली घातली.

“चोराला पैसे हवे असतात. ह्या चोरानं पैसे घेऊन वर सांगितलं, रांगेतलं नाव काढा. त्यात पैसेवाल्याचा काय फायदा? फायदा त्याचा, ज्याला ह्या घरात मूलच नको, हायवेच्या जागेला वारस नको. नम्रताला नाव काढल्यानं काही मिळत नाही, आणि तिच्याकडे पाटाही नाही. अल्मासचा वरवंटा मसाल्यानं लालभडक. दुपट्याला डाग पडले असते. आणि स्वतःची लेस फोटोत मिरवण्याइतकी ती खुळी नाही. राहिलं एक घर, जिथं रोज पाट्यावर वाटतात, जिथला वरवंटा चार दिवस गायब होता, आणि परत आला तो धुवूनही हिरव्या लेसचा दोरा घेऊन. तो वाल्मिकभाऊंच्या दातात सापडला.”

“कोथिंबीर नव्हती ती?” वाल्मिक पुटपुटला.

“आणि आत्ता मी बाळ आलं म्हटल्यावर सगळे पाळण्याकडे धावले. एकटी सोनाली जागची हलली नाही. ती वाल्मिकभाऊंच्या हातातल्या गोणपाटाकडे बघत होती. तिच्याच घरचं गोणपाट.”

सोनाली उंबऱ्यावरच बसली. “पैशाला हात नाय लावला गं वहिनी. तांदळाच्या डब्यात खोकं तसंच हाय. दोन पेढेपण हायेत. तू भिशील, नाव काढशील, मग मी पैसे कसेतरी परत टाकीन म्हणलं.”

“आणि ऋतिकचाच जुना फोटो का नाही पाठवलास?” झोहराबींनी विचारलं. “सोपं होतं.”

सोनाली रडायला लागली. आता पदर डोळ्यापर्यंत न्यायचंही तिला सुचलं नाही. “माझ्या पोराचा फोटो? पैशाच्या बोलीत? हातच नाय धजला.”

“हं,” झोहराबी म्हणाल्या. “म्हणजे कळत होतं.”

निशिगंधा नम्रताकडे वळली. “मी पैसे दिले. देणाराही जाऊ शकतो म्हणे. माझं नाव कापणार?”

नम्रताने वरवंट्याकडे बघितलं. “घडलं ते सगळं तुम्ही स्वतः वरिष्ठांना सांगायचं. मीही येते बरोबर. फसवणूक झाली तुमची, मूल कुठं होतं? दगड विकत घ्यायला कायद्याची मनाई नाही.” आणि एवढं बोलून ती कडक बाई फिस्सकन हसली.

“पोलिसात जाऊ?” राजेशने बायकोला विचारलं. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

“नको,” निशिगंधा म्हणाली. “पैसे आजच आणून द्या, वन्सं. आणि बाळ येईपर्यंत हा वरवंटा माझ्याकडे राहील.”

---

त्यानंतर बायजाआजीने नवा वरवंटा घेतला, पण चटणीला ती चव नाही म्हणून अजून कुरकुरते. सोनाली वर्षभर भावाच्या दारी फिरकली नाही. मग एका भाऊबीजेला आली, आणि निशिगंधाने तिच्यासाठी पाट मांडला. अल्मासने स्टेशनजवळ दुकान टाकलं. नम्रताची बदली झाली, पण देणगी हा शब्द ऐकला की ती अजूनही उभी राहते. झोहराबींचा आंबा पुढच्याच वर्षी इतका लगडला की वाल्मिकला महिनाभर पन्हंच मिळत होतं.

आणि २०२५ मध्ये, रांगेतूनच, निशिगंधाचा नंबर आला. राजेशने शुल्काच्या पावतीला चक्क प्लॅस्टिकचं आवरण घालून ती भिंतीवर लावली होती. निशिगंधाने काढायला लावली. “ती दुधाची आणि औषधपाण्याची पावती आहे,” ती म्हणाली, “पोरीची नाही.”

सुरभी आली तेव्हा दहा महिन्यांची होती, पाळण्यात निजायला मुळीच तयार नव्हती, कडा धरून उभीच राहायची. तरी बारसं झालं. आळीतल्या ज्या बायकांना कुणी बोलावत नसे त्यांना निशिगंधाने आधी बोलावलं आणि पाळण्याजवळ बसवलं. पुऱ्या सोनालीने तळल्या. नंतर निशिगंधाच तिला हात धरून आत घेऊन आली. वाल्मिकलाही खास परवानगीने आत घेतलं. तो जिलबी विसरून बघत राहिला.

आधी हिरव्या कुंचीतला वरवंटा पाळण्यात ठेवला. कुंकू लावलं. सुरभीने वाकून त्याच्यावर एक थापट मारली.

“हा कोण गं?” झोहराबींनी मुद्दाम विचारलं.

निशिगंधाने त्याची कुंची सारखी केली.

“हा थोरला,” ती म्हणाली.