तेरा नव्वे सतरोदरसे

आंबोलीच्या मज्जापेशी संशोधन केंद्रात त्या सकाळी पडद्यावर एक मेंदू उजळला होता आणि डॉ. वैजयंती केळुसकर त्याच्याकडे पाहायचं टाळत होती. असे शेकडो मेंदू तिने पाहिले होते. हा मात्र तिच्या बाबांचा होता.

"तोंड फिरवून काय होणार, वैजयंती? बघ तरी," डॉ. इरफान मुजावर म्हणाला. कॉलेजपासूनचा दोस्त, म्हणून असं बोलायची मुभा त्यालाच होती. "रोग चेहरे आणि आवाज ओळखणाऱ्या भागाच्या उंबऱ्यावर आलाय. फार तर पावसाळाभर. मग ते तुलाही ओळखणार नाहीत."

गजानन केळुसकर म्हणजे मोजणी खात्यातला पक्का माणूस. डोंगर नुसता पाहून त्याचं क्षेत्रफळ सांगायचे. आता स्वतःच्या खोलीचं दार सापडत नव्हतं. बायको मालती वारली हे ते विसरत, रोज विचारत, "मालती कुठाय गं?" आणि रोज नव्याने ऐकून रडत. एवढ्या पडझडीत एकच गोष्ट शाबूत होती. जिन्यात चप्पल वाजली की चेहरा उजळायचा. "आली माझी वैजू!" तेवढ्या तीन शब्दांवर ती जगत होती. आता तेही जाणार म्हटल्यावर तिचा धीर सुटला.

"उंदरांवर चाललंय ते औषध बाबांना देऊया," ती म्हणाली.

नीतिसमितीच्या अध्यक्षा डॉ. घोरपडे काही सहजासहजी मान डोलावणाऱ्यातल्या नव्हत्या. "मला शाळेतल्या पोरीला सांगतात तसं सांगा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, प्रथिनाला एक ठरलेली घडी असते," इरफानने सुरुवात केली. "ती चुकली की ते शेजारच्या प्रथिनाचीही घडी बिघडवतं. अढीतला एक आंबा नासला की सगळी अढी नासते, तसंच. याला आम्ही चुकघडी प्रथिन म्हणतो. ते एका पेशीतून दुसरीत जातं, पण कुठूनही नाही. जी वाट रोज वापरात असते, तिथूनच ते पुढे सरकतं."

"म्हणजे जे जास्त आठवावं, तिकडेच रोग जातो?"

"हो. दुर्दैवाने तसंच आहे," वैजयंती म्हणाली. "पण त्याचाच फायदा घ्यायचा. रुग्णाकडून एकच आठवण रोज घोकून घ्यायची. ती आमिषस्मृती. सगळं चुकघडी प्रथिन तिकडे ओढलं जातं, एका जागी साचतं. मग कात्रीद्रव्य टोचायचं. ते साचलेलं सगळं कापून काढतं, त्या पेशींसकट. ती एक आठवण जाते. माणूस वाचतो."

"आणि उंदीर?"

"उंदरांना भूलभुलैया घोकवला. घंटा वाजवून दाणे टाकणारं यंत्र त्यांना रोज त्यात पळवायचं. औषधानंतर ते भूलभुलैया विसरले, बाकी ठणठणीत. दोन दिवस घंटेकडे फिरकले नाहीत तेवढंच. अशक्तपणा असणार."

घोरपडेबाईंनी बराच वेळ पेन फिरवलं. "तुमच्या वडिलांची कोणती आठवण बळी देणार?"

वैजयंतीने ते आधीच ठरवलं होतं. पाढे! बालपणापासून मनात मुरलेले आणि आता कुणाच्या काडीच्याही कामाचे नसलेले. पाढे गेले तर कुणाचं काय अडणार? समितीने अखेर सही केली.

"घोकून घ्यायला बोलकं यंत्र लावू," इरफान म्हणाला.

"यंत्राला बाबा हिंग लावून विचारणार नाहीत. मीच बसेन."

केळुसकरांच्या घरी दिवेलागणीला परवचा चुकत नसे. हातपाय धुवायचे, देवापुढे दिवा लावायचा, मांडी घालून बसायचं आणि पाढे म्हणायचे. लहानपणी बाबा समोर बसायचे आणि वैजू हुंदके देत तेराचा पाढा म्हणायची. आता ती समोर बसली.

"हं बाबा, तेरा एके?"

काय सांगावं! ज्या माणसाला सकाळचा चहा आठवत नव्हता, तो डुलत डुलत तेरापासून एकोणतीसपर्यंत खाडखाड सुटला. कंटाळले की ती मुद्दाम चुकायची. "तेरा नव्वे एकशे सोळा."

"गाढवे!" बाबा तिचा कान धरायचे. "तेरा नव्वे सतरोदरसे! एकशे सतरा! किती वेळा सांगायचं गं वैजू?" आणि दोघंही हसत सुटायची. आई गेल्यापासून त्या घरात इतकं हसू झालं नव्हतं. ती संध्याकाळची वाट पाहू लागली, तेही पाहू लागले. "वैजू, दिवा लाव, परवचा राहिलाय," असं स्वतःहून हाकारू लागले. पडद्यावरचे चुकघडी प्रथिनाचे तांबडे ठिपके खरोखरच एका जागी गोळा होत होते.

मग कात्रीद्रव्य टोचलं.

चौथ्या दिवशी बाबा केंद्रातल्या खोलीत उशीला टेकून बसले होते. नजर स्वच्छ होती. इरफानने विचारलं, "काका, तेरा नव्वे किती?"

"कागद द्या, मांडून सांगतो."

इरफानने आनंदाने टाळीच वाजवली. पाढे गेले होते! पुढचे प्रश्न सुरू झाले. गाव? "केळूस." नोकरी? "मोजणी खातं." मालतीबाई? "ती गेली. मीच अग्नी दिला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण या वेळी ते जुन्या दुःखाचं होतं. दाराशी उभ्या वैजयंतीला हुंदका आवरेना. बाबा परत आले होते.

ती पुढे झाली. त्यांनी घाईने हात जोडले. "या डॉक्टर. तुमचे फार उपकार झाले."

"बाबा, मी वैजू."

ते ओशाळले. "माफ करा, ओळखलं नाही. कुणाच्या तुम्ही?"

"तुमची मुलगी, बाबा."

"नाही हो," ते हळूच म्हणाले, वेड्याला समजवावं तसं. "आम्हाला मूलबाळ नाही. मालतीला फार हौस होती."

बाहेर व्हरांड्यात वैजयंती भिंतीला टेकून खालीच बसली. इरफानचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उंदीर अशक्त नव्हते," तो म्हणाला. "ते घंटा विसरले होते. यंत्र विसरले होते. घोकणारा नुसतं घोकत नाही, घोकवणाऱ्यालाही आठवत असतो. रोज संध्याकाळी पाढ्यांच्या बरोबरीने त्यांच्या डोक्यात तू उजळत होतीस. पाढ्यांपेक्षा जास्तच."

"मी परत शिकवीन! रोज सांगेन. फोटो दाखवीन, आईच्या गोष्टी सांगेन. माझा बाप आहे तो, इरफान!"

पण ते चालणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. कात्रीद्रव्यातून थोडी चुकघडी प्रथिनं निसटतातच, हे तिनेच अहवालात लिहिलं होतं. एकच गोष्ट रोज सांगितली, की ती उरलेली प्रथिनं त्याच वाटेला लागणार. कात्रीद्रव्य दुसऱ्यांदा सोसेल असा तो मेंदू उरला नव्हता. लेक व्हायचं तर बाप पुन्हा घालवायचा. करायला गेले गणपती नि झाला मारुती, म्हणत ती हसली आणि मग पदर तोंडात कोंबून ढसाढसा रडली.

दिवेलागणीला ती निरोप घ्यायला खोलीत गेली. बाबा खिडकीतून समोरचा डोंगर डोळ्यांनी मोजत होते.

"डॉक्टर, संध्याकाळचे येत जा ना. का कोण जाणे, या वेळेला कुणाची तरी वाट पाहावीशी वाटते."

"येईन अधूनमधून. रोज नको."

"का हो?"

"सवय लागते."

"तेही खरंच. बरं, नाव काय म्हणालात तुमचं?"

नाव तिच्या ओठावर आलं होतं. ते तिने गिळलं, त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, "नावाचं काय एवढं, काका."