‘क’ नळीतलं रक्त

२०४१ सालची गोष्ट. मिरजेच्या प्रयोगशाळेत ‘स्वरेखक’ या रक्तपेशी मोजून अंडाशयाचा कर्करोग हेरणाऱ्या यंत्राची शेवटची चाचणी चालू होती. नव्याण्णव नळ्या यंत्राने अचूक ओळखल्या आणि शंभराव्या, ‘क’ नळीवर माती खाल्ली. तांबडा दिवा लागला.

“झालं!” परीक्षक डॉ. केळुसकर म्हणाले. “यंत्र नीट चालतंय का, हे पाहायला तुम्ही रोज जी निरोगी माणसाची नळी लावता, तिलाच हे अंडाशयाच्या कर्करोगाची शंका म्हणतंय. मंजुरी विसरा.”

यंत्र बनवणाऱ्या डॉ. हेमांगी तगारे यांचा चेहरा पडला. तंत्रज्ञ उज्ज्वलाताई पाटोळे मात्र फणकारल्या, “तीन महिने हेच रडगाणं! द्रावण बदललं, नळ्या धुतल्या, तरी मेला आकडा वरच चढतोय.”

केळुसकरांनी आकडे पाहिले. “प्लेटलेट सव्वातीन लाख. साडेचार लाखांपर्यंत नॉर्मलच की!”

“जगासाठी नॉर्मल,” हेमांगी म्हणाल्या. “स्वरेखक माणसाची तुलना त्याच्याच जुन्या रक्ताशी करतो. गाठ वाढू लागली, की ती यकृताला निरोप धाडते आणि प्लेटलेट वाढतात. पांढऱ्या पेशींचं प्रमाणही बदलतं. जिच्या जन्मभर दोन लाख, तिच्या सव्वातीन झाल्या, तर…” त्या थबकल्या. “ताई, ‘क’ नळीत रक्त कुणाचं असतं?”

“कुणाचं म्हणजे? माझंच. सहा वर्षं झाली, रोज सकाळी चहाआधी काढते.”

हेमांगींनी ‘क’ नळीच्या सहा वर्षांच्या नोंदी उघडल्या. पडद्यावरची रेषा पावणेसहा वर्षं सपाट होती, मग चढत गेली होती.

उज्ज्वलाताईंचा हात पोटाशी गेला. भीती वाटली, चांगलीच वाटली. पण तोंडून निघालं ते भलतंच.

“अगं बाई! म्हणजे यंत्र बरोबर होतं!”

“यंत्र गेलं खड्ड्यात, आधी सोनोग्राफी!” हेमांगी रडवेल्या होऊन ओरडल्या.

डाव्या अंडाशयावर बोराएवढी गाठ निघाली. अगदी पहिली अवस्था, कुठेही पसरलेली नव्हती. शस्त्रक्रियेत ती समूळ काढली.

तीन महिन्यांनी केळुसकर मंजुरीचा कागद घेऊन स्वतः आले. ताईंनी आधी आपली नळी लावली. दोन लाख पाच हजार. हिरवा दिवा लागला, तशी केळुसकरांनी झोकात सही केली आणि हेमांगींनी पेढ्यांचा पुडा फोडला.

“काय गंमत बघा साहेब,” पेढा तोंडात टाकत ताई म्हणाल्या, “तीन महिने मी ह्याला दुरुस्त करत होते, आणि हे मेलं मला दुरुस्त करायला धडपडत होतं!”