म्युनिकला गेलेली गोधडी

जुलैअखेर काष्टीच्या शनिवारच्या बाजारात मालनबाई भाजी घ्यायची सोडून एका अनोळखी बाईचा पदर धरून उभी राहिली. त्या बाईच्या तान्ह्या लेकराभोवती गुंडाळलेली गोधडी मालनबाईनं स्वतः शिवलेली होती. आणि ती तर जर्मनीत, म्युनिकला, तिच्या नातवाच्या अंगावर असायला हवी होती.

पोलीस पाटील भिमाजी आला तरी तिनं पदर सोडला नव्हता.

"माझ्याच लुगड्याचा काठ हाय, पाटील. माझ्या रंगनाथाचं काय बरंवाईट झालं असंल का?"

रंगनाथ तिचा एकुलता एक. आठ वर्षांपूर्वी म्युनिकच्या कारखान्यात गेला, तिथलीच बायको केली आणि परत फिरकला नाही. यंदा, चौऱ्याहत्तर साली, तिथं फुटबॉलचा विश्वचषक भरला म्हणून त्यानं बापाला बोलावलं. मालनबाईनं नातवासाठी गोधडी नवऱ्याजवळ दिली, आणि गावानं सहादेवाला हार घालून, लेझीम खेळून निरोप दिला. जूनच्या सुरुवातीला गेलेला सहादेव जुलै अर्धा सरल्यावर परतला, तेव्हापासून पारावर रोज सामने सांगत होता. चेंडूला लाथा मारलेल्या बघायला विमान कशाला हवं, असं म्हणणारेही ऐकायला सगळ्यात पुढं बसत.

भिमाजीनं त्या बाईला बाजूला घेतलं. ती पाथर्डीकडची लंकाबाई. नवरा-बायको दौंडला रेल्वेच्या कामावर होती.

"गोधडी कुठून आणलीस?"

"चोरली न्हाई, दादा. दौंडच्या ठेसनावर एका म्हाताऱ्या बाबानं दिली."

"कवा?"

"लेकराची पाचवी हुती त्या दिशी. अंगावर घालाया धड फडकं नव्हतं. बाबा म्हनाला, घे, नातवासाठीच हाय."

"आन् लेकरू आता केवढं?"

"कालच सवा म्हैना झाला. म्हनून तर आज भाईर पडले."

भिमाजीनं बोटांवर दिवस मोजले. मग तो लंकाबाईला जायला सांगून थेट सहादेवाच्या ओसरीवर गेला. मालनबाई मागोमाग आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"तात्या, गोधडी रंगनाथाला दिली हुती?"

"दिली की. त्यानं कुनाला दिली असंल."

"म्युनिकचा शेवटचा सामना बघून घरी कसं गेला?"

"चालत. साडेसातलाच मिट्ट अंधार. रंगनाथानं माझा हात धरला हुता."

भिमाजीनं मालनबाईकडं पाहिलं. लेकाच्या काळजीनं ती अजून चौकटीशीच उभी होती, आणि कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही.

"तात्या, दुसऱ्या महायुद्धात मी इटलीला हुतो, जर्मनीच्या जवळच. त्या मुलखात उन्हाळ्यात आठ वाजले तरी उजेड असतो. साडेसातचा अंधार आपल्याकडचा. आन् त्या पोरीचं लेकरू जूनच्या मध्याला जन्मलं. पाचवी आली एकवीस-बावीसला. तवा तुमी म्युनिकात पायजे हुता. तुमी दौंडच्या ठेसनावर हुता. गोधडी तुमीच दिली. सामने तुमी पेपरात वाचले."

सहादेवानं मान खाली घातली.

"रंगनाथ मुंबईत इमानाच्या कचेरीत तिकीट ठेवतो म्हनला हुता. तिथं त्याची चिठ्ठी हुती. सासू-सासरे ऱ्हायला आलेत, घरात जागा न्हाई, यंदा येऊ नका. दौंडापत्तुर आलो. म्होरं पाय निघंना. वळखीचं कुनी दिसलं की तोंड फिरवायचो. गावानं हार घातल्याला, आन् हिला काय सांगू, की तुज्या लेकानं..."



लेक धडधाकट आहे हे मालनबाईला कळलं होतं, आणि त्याला आपण नको आहोत, हेही. मग ती येऊन नवऱ्याजवळ बसली.

"सवा म्हैना दौंडात," ती म्हणाली, "जेवलात कुठं?"