मेल्निकच्या तळघरातली शांतता

छत्री उघडी होती, पण तिच्या खाली तो नव्हता! मार्चच्या पावसात आमच्या तळघराच्या दारात उभा असलेला तो उंच मुलगा स्वतः नखशिखांत भिजला होता, आणि छत्री धरली होती हातातल्या काळ्या पेटीवर.

"आत या," मी म्हटलं. "पेटीलाही आणा, नाहीतर तिला सर्दी व्हायची."

तो हसला... आणि हसताना लाजला. मेल्निकला वाईन प्यायला येणारे पाहुणे असे लाजत नाहीत.

"तुमच्याकडे शांतता मिळेल का?"

"लाल वाईन आहे, पांढरी आहे. शांतता कालच संपली."

त्याचं नाव यावोर. सोफिया शहरातल्या एका स्टुडिओत तो आवाज टिपायचं काम करायचा. लहान मुलांसाठी कार्टूनचा सिनेमा बनत होता, आणि पडद्यावर पहिल्यांदाच त्याचं नाव झळकणार होतं. त्यात एक भाऊ-बहीण डोंगराच्या पोटात हरवलेलं अख्खं शहर शोधून काढतात. दगडी दार सरकतं, ती दोघं आत पाऊल टाकतात आणि कुणीच काही बोलत नाही...

"मग तिथे तुमचं काय काम?" मी विचारलं.

"कार्टूनमध्ये काहीच आपोआप ऐकू येत नाही. शांतताही कुठून तरी आणावी लागते. आणि स्टुडिओतली शांतता मेलेली असते हो... मला डोंगराच्या पोटातली हवी."

आमचं तळघर पणजोबांनी डोंगर पोखरूनच केलेलं. मी त्याला खाली नेलं. त्याची अट एकच होती, एक मिनिट चिडीचूप उभं राहायचं. आता माझे बाबा म्हणतात, आमची नेवेना झोपेतसुद्धा बोलते. पहिल्या खेपेला मला हसूच फुटलं. दुसऱ्या खेपेला माझं लक्ष त्याच्या मनगटाकडे गेलं.

"अय्या, मार्च लागला तरी तुमच्या हाताला मार्तेनित्सा नाही?"

त्यानं कानावरचा हेडफोन काढला. "ती स्वतःची स्वतः बांधत नाहीत ना."

"आणि अख्ख्या सोफियात बांधणारं कुणी मिळालं नाही?"

"...नाही."

हे ऐकून मला इतका आनंद का व्हावा? मी माझ्या मनगटावरच्या मार्तेनित्सांतला एक लाल-पांढरा दोरा सोडला आणि त्याच्या हाताला बांधला. गाठ काही अवघड नव्हती, तरी मी भरपूर वेळ लावला. त्याची बोटं गार होती, आणि त्यानं हात मागे घेतला नाही.

त्या रात्री अंथरुणात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शांतता मिळाली की हा बसमध्ये बसणार!

मग काय... दुसऱ्या दिवसापासून मी खोकले, शिंकले, बुचं पाडली. एकदा तर पिंपाला मुद्दाम धडकले. दर वेळी तो हेडफोन काढायचा आणि शांतपणे म्हणायचा, "पुन्हा घेऊ." ना चिडणं, ना कपाळाला आठी.

शुक्रवारी दुपारी मात्र तो पेटी आवरूनच आला. "आजच्या बसनं निघावंच लागेल. स्टुडिओत वाट बघतायत."

मला माझीच लाज वाटली. त्याचा पहिला सिनेमा, आणि मी आपली पोरखेळ करत बसले! प्रेम असेल तर त्याचं काम आधी, मी मनाला बजावलं. रडू येत होतं, पण ओठ घट्ट मिटून मी भिंतीला टेकले.

"घ्या," मी म्हटलं. "आज हूं की चूं करणार नाही."

त्यानं बटण दाबलं. छतावरून एक थेंब पडला... मग दुसरा. एरवी तो डोळे मिटून ऐकायचा. आज माझ्याकडेच बघत होता. माझे डोळे भरून वाहायला लागले तरी मी हुंदका गिळला. मिनिट संपत आलं—

"नेवेना, मला तू खूप आवडतेस," तो म्हणाला.

"वेडा आहेस का!" मी किंचाळलेच. "बिघडवलंस ना! आता सोफियाला काय नेणार?"

"शांतता केव्हाच पोचली." तो कानापर्यंत लाल झाला होता. "परवा तू बाबांना हाक मारायला वर गेलीस ना, तेव्हाच मिळाली. मी लगेच पाठवून दिली."

"मग इतके दिवस मला तोंड दाबून उभं का केलंस?"

"तू खोकत होतीस ना... तेव्हा वाटलं, तुलाही मी जायला नकोय."

चोर तो चोर, आणि पकडलं होतं मलाच! मी त्याच्या छातीवर एक गुद्दा मारला आणि मग डोकं तिथेच टेकलं.

"जाऊच नकोस," मी म्हटलं. "माझं प्रेम बसलंय तुझ्यावर, कळलं?"

वर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, आणि बस निघूनही गेली. जिन्यावरून बाबांनी हाक दिली, "काय रे पोरा, मिळाली का शांतता?"

"नाही काका!" यावोर ओरडला. "आता काही मिळेलसं वाटत नाही!"

"मग जेवायला या दोघं. घेवड्याचं सूप निवतंय."