आधी तिसरा, मग दुसरा

जळगावच्या उन्हाला लोक उगाच नावं ठेवतात, असं डिंपलचं स्पष्ट मत होतं. मार्च निम्मा सरला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. गिऱ्हाईकही फिरकत नाही. अर्धं शटर ओढावं, कूलरसमोर खुर्ची टाकावी आणि बिनघोर गेम खेळावा. ओल्या वाळ्याचा वास, गालावर मधूनच उडणारा पाण्याचा थेंब… आणखी काय हवं असतं माणसाला?

त्या शनिवारी शटरखालून आधी धुळीने माखलेले बूट दिसले, मग टॉवेलात गुंडाळलेला एक सीपीयू, आणि मग कमरेत वाकून आत शिरणारा उंच, सावळा, घामाघूम तरुण.

"मॅडम, मालक आहेत का?"

हा प्रश्न डिंपलला दिवसातून चारदा ऐकावा लागे. कॉम्प्युटर दुरुस्तीचं हे दुकान चार वर्षांपासून तिचं होतं, पाटीवर नाव तिचं होतं आणि आत्ता हातातला स्क्रू-ड्रायव्हरही तिचाच होता.

"आहेत ना. तुमच्यासमोर बसल्यात."

तो ओशाळला, आणि ओशाळल्यावर बरा दिसला. डिंपलने ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

"माफ करा. मी लखन. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आदिवासी पोरांची आश्रमशाळा आहे, तिथं कॉम्प्युटर शिकवतो. शिकलोही तिथंच. हा शाळेचा जुना डबा आता भंगारात निघालाय. बाकी बठ्ठं गेलं तरी चालेल, पण यात आम्हा पोरांचे एका गेमचे सेव्ह आहेत, कोण कुठवर खेळलं ते. तेवढे वाचवा."

"त्यासाठी शिरपूरहून जळगाव?"

"शिरपुरात दोन दुकानवाले हसले."

"गेम कोणता?"

"तुम्हाला माहीत नसेल, फार जुना आहे. मिस्टल बे. त्याचा तिसरा भाग. शेवटी ती… एकटीच होडी घेऊन निघून जाते, तो."

डिंपलच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर पडला.

आता ज्यांनी मिस्टल बे खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गेम परदेशातला, पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्यात गोळीबार नाही, मारामारी नाही. धुक्याने भरलेला एक किनारा, वस्तू गोळा करायच्या, कोडी सोडवायची, बंद दारं उघडायची. दीपस्तंभ राखणाऱ्याची मुलगी नेरा ही नायिका, आणि टोबिन नावाचा नावाडी तिच्या प्रेमात. एकूण तीन भाग. पहिल्यात नेरा हरवलेल्या बापाला शोधते. दुसऱ्यात सगळं सोडून स्वतःच्या होडीतून निघून जाते. तिसऱ्यात परत येते, दिवा लावते आणि टोबिनबरोबर किनाऱ्यावर संसार मांडते. जगात सगळ्यांना हा क्रम ठाऊक आहे.

नव्हता, तो फक्त जळगावातल्या काही पोरांना. बाजारात एका जिन्याखाली कॉपी केलेल्या सीड्या विकणारा एक बहाद्दर बसायचा. त्याने मार्करने आकडे टाकताना दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची अदलाबदल केली होती. म्हणून डिंपलची नेरा आधी संसार मांडायची आणि मग, सगळ्यात शेवटी, पहाटेच्या धुक्यात होडी सोडून निघून जायची. दहा वर्षांच्या डिंपलला तो शेवट इतका आवडला होता की ती दोन दिवस नीट जेवली नव्हती.

पुढे कॉलेजात असताना ती गेमच्या मराठी ग्रुपवर गेली आणि हे सगळं तिथं लिहून बसली. लोकांनी तिची इतकी टर उडवली, की तेव्हापासून ती तिथं आजोबांच्या नावाने, 'जीवराम' म्हणून वावरत होती. आणि आज हा माणूस सरळ दारातून आत येऊन तोच शेवट सांगत होता.

"तुमच्या शाळेत सीड्या कुठून आल्या होत्या?"

"आमच्या सरांनी जळगावहून आणल्या होत्या. का?"

डिंपलने त्याला पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं आणि मग शक्य तितक्या हळुवारपणे खरं काय ते सांगितलं. होडीवाला भाग दुसरा आहे. ती परत येते. संसार करते. गेम तिथं संपतो.

लखनने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे कंपनीचं चुकलं."

डिंपल प्रेमात पडली ती इथेच. तिला ते कळायला आणखी दोन शनिवार लागले, पण पडली इथेच.

सेव्ह निघाले. एकूण सोळा. बबलू, रोशनी, पुना, लखन… पोरांनी आपापली नावं टाकून ठेवलेली. रोशनी त्याची धाकटी बहीण. पण काम झालं म्हणून लखनचं येणं काही थांबलं नाही. शाळा शनिवारी अर्धा दिवस असे. चोपड्यावरून येणारी बस धरून तो तीनला हजर होई, आणि दर वेळी काहीतरी बिघडलेलं घेऊन येई. एकदा माउस, एकदा कीबोर्ड.

"यात काहीच बिघाड नाही," तिसऱ्या शनिवारी डिंपल म्हणाली.

"नीट बघा."

"बघितलं. आणणाराच बिघडलाय."

"मग… दुरुस्त नका करू."

तो हे जमिनीकडे बघून म्हणाला, आणि डिंपलला गालावर उडालेला थेंब पुसायचंही सुचलं नाही.

त्याच सुमारास कंपनीने तिन्ही भाग नव्या रंगात पुन्हा काढले होते. सगळा ग्रुप ते नव्याने खेळत होता, आणि कोणता भाग श्रेष्ठ यावर रोज घमासान चालू होतं. या दोघांनीही खेळायला घेतलं. आपल्या क्रमाने, आधी तिसरा, मग दुसरा. एका खुर्चीत ती, स्टुलावर तो, आणि मध्ये एकच माउस.

गंमत अशी, की उलट क्रमात बऱ्याच गोष्टी जुळत नाहीत. टोबिनची दाढी आधी असते, मग नसते. नेराच्या कपाळावर खूण आधी दिसते आणि जखम नंतर होते. लहानपणी दोघांनीही याची आपापली उत्तरं शोधून ठेवली होती.

"दाढी काय, काढली असेल त्याने," डिंपल म्हणाली.

"तसं नही शे ते," लखन रंगात आला की घरची बोली बाहेर पडे. "ती जाणार हे त्याला आधीच कळलं होतं. ती थांबावी म्हणून दाढी काढली. आमच्या वर्गात यावर मतदान झालं होतं."

"दाढी काढल्याने बाई थांबते?"

"आता मला काय माहीत… थांबते का?"

"तुला दाढी आहे कुठे?" म्हणताना ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि पुढचं कोडं सोडवायला त्यांना उगाच पाऊण तास लागला.

ग्रुपच्या पुणेकर ॲडमिनने जाहीर केलं, की चुकीच्या क्रमाने खेळणाऱ्यांची मतं मोजली जाणार नाहीत. त्यावर लखनने स्वतःच्या नावाने, गावाच्या नावासकट लिहिलं: 'आमच्या शाळेत सोळा पोरांना एक कॉम्प्युटर होता आणि जी सीडी मिळाली ती आम्ही खेळलो. आम्हाला नेरा जाताना दिसली. ती आमची नेरा. मोजा किंवा मोजू नका.' डिंपलने ते वाचलं, आजोबांचं नाव पुसून तिथं स्वतःचं टाकलं आणि खाली लिहिलं, 'माझंही हेच मत.'

इथपर्यंत सगळं गोडच होतं. पण डिंपल पंचविशी ओलांडलेली, आणि जवळच्या भादलीत केळीच्या बागा असलेल्या तोतारामांची एकुलती लेक. फैजपूरच्या एका बागायतदाराकडून स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर मोठं. अट एकच, लग्नानंतर दुकान बंद. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मंडळी होकार घ्यायला येणार होती.

"आप्पा, दुकान मी बंद करनार नाही," डिंपलने सांगून पाहिलं.

तोताराम उठून बागेत निघून गेले. आई, बेबाबाई, तिच्या केसांना तेल लावत समजावू लागल्या. "बाई, सासरी कोन रोज मशीन खोलत बसते? आखाजीले येशीन ना माहेरी आठ दिवस. झोके खेय, गानी म्हन, तो तुहा गेम बी खेय. आमी समद्या असंच तर करत आलो."

खानदेशात हे खरंच आहे. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि वर्षभराचं हसून घेतात. डिंपललाही ते झोके आवडत. पण त्या दिवशी तिने पहिल्यांदाच हिशोब मांडला, की वर्षात आठ दिवस आपले, आणि उरलेले कोणाचे? हा सण लाडाचा आहे की सुट्टीवर सोडलेल्या कैद्याचा, हे आजवर एकीनेही विचारू नये, याचा तिला भयंकर राग आला.

पाचव्या शनिवारी तिने लखनला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि मग माउस बाजूला ठेवून म्हणाला, "डिंपल, माझ्या बापाने, वेस्ताने, तुमच्याकडच्या बागांत केळीचे घड वाहिलेत. खांद्यावर. तुझ्या घरात माझं नाव निघालं, तर काय होईल ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? घड वाहिलेत, चोरले नाहीत."

लखनने माउस पुन्हा हातात घेतला. निघताना मात्र दारात थांबला, मागे वळून तिच्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेला. माणसाने असं बघावं आणि बोलू नये, याचाही डिंपलला रागच आला.

आखाजीच्या आदल्या दिवशी फैजपूरची मंडळी आली. सरबत झालं. मुलगा खरोखर सभ्य होता, म्हणाला, "घरात एक कॉम्प्युटर घेऊ आपण, तुमच्या हौसेसाठी."

"हौस नाही, धंदा आहे तो माझा," डिंपल म्हणाली. "आणि तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं नाही. माझा नकार आहे. मला दुसरं कुणीतरी पसंत आहे."

मंडळी उठून गेल्यावर तोतारामांनी नाव विचारलं. तिने सांगितलं. आडनाव विचारलं. तेही सांगितलं. अंगणात झोका बांधून तयार होता, आणि त्याच्याकडे बोट दाखवून तोताराम म्हणाले, "मंग उद्या या झोक्यावर बसू नको. आनं पुढंही कोनत्या आखाजीले या दारात येऊ नको."

डिंपल आईकडे बघत राहिली. बेबाबाई खाली बघत होत्या. तिने पिशवीत चार कपडे भरले, स्कूटी काढली आणि जळगावात मैत्रिणीकडे, पुनमकडे, जाऊन थडकली. रडली मात्र भरपूर. हट्टी माणसाला रडू येत नाही असं कोण म्हणतं?

सणाच्या सकाळी सगळा बाजार बंद आणि एकटं डिंपलचं दुकान उघडं. लखन अकराला आला. पुनमने त्याला फोन केला होता. आज हातात ना माउस होता, ना कीबोर्ड.

"मी तुला सांगायला आलो होतो," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "की माझ्यापायी घर सोडू नको. बसमध्ये सगळं पाठ केलं होतं."

"मग म्हणून दाखव."

"चोपड्यापर्यंत पाठ होतं…"

"लखन, ऐक. तुझ्यापायी मी काही सोडलेलं नाही. तू आला नसतास, तरी मी फैजपूरला जाणार नव्हते. तू आलास, हा वरचा नफा आहे, आणि तो मला हवाय. तुला हवं असेल तर थांब. नसेल तर दीडची बस आहे."

लखनने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. स्टूल ओढलं. नेहमीपेक्षा जवळ.

"दीडची बस भिकार असते," तो म्हणाला. "गर्दी फार. मी थांबतो."

"किती वाजेपर्यंत?"

"म्हातारा होईपर्यंत… चालेल?"

तिने त्याचा हात घट्ट धरला, आणि सोडलाच नाही. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, तरीही नाही.

रिक्षातून बेबाबाई उतरल्या. नवं लुगडं, घामाने ओला पदर, खांद्याला पिशवी, एका हातात फडक्यात बांधलेली खापरावरची पुरणपोळी आणि दुसऱ्या हातात आमरसाची बरणी. एवढ्या वर्षांत त्या या दुकानात पहिल्यांदाच आल्या होत्या. आत येऊन त्यांनी चारी बाजूंनी नजर फिरवली. उघडे पडलेले कॉम्प्युटर, तारा, भिंतीवरचं डिंपलच्या नावाचं लायसन. मग ते दोन गुंतलेले हात पाहिले. लखन हात सोडवू लागला, तर डिंपलने आणखी आवळला.

"आप्पांनी मले घरात येऊ नको म्हनलं, माय."

"तुले म्हनलं," बेबाबाई म्हणाल्या. "मले कोनी काय म्हनलं नाही."

त्यांनी टेबलावरचे स्क्रू हाताने बाजूला सारले, फडकं सोडलं, पिशवीतून ताटं काढली आणि लखनकडे वळल्या. "तू बी बस रे. उभ्यानं जेवत नाही आपल्यात."

लखन बसला. पहिला घास डिंपलच्या घशाखाली उतरतो न उतरतो, तोच बेबाबाईंच्या पिशवीत फोन वाजला. तोतारामांचा. डिंपल खुर्चीतून उठलीच. बेबाबाईंनी मात्र सावकाश पदराला हात पुसले आणि फोन कानाला लावला.

"कुठी म्हंजे? आखाजीले आली हाये, लेकीकडे," त्या म्हणाल्या. "जेवून येईन."

आणि फोन ठेवून त्यांनी लखनच्या ताटात आणखी रस वाढला.